घोडा तयार ठेवा

आम्ही चौघी कधीही हॉस्टेलवर राहिलो नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमचं नाटक ज्यांनी पाहिलं त्यांची तशी समजूत झालेली आहे. नाटकात हॉस्टेल होतं, हॉस्टेलला गच्ची होती, गच्चीवर चांदणं होतं आणि चांदण्यात गिटार वाजत होती. आम्ही ठाण्याच्या ज्या कॉलेजात शिकलो तिथे मुलींसाठी एक कॉमन रूम होती. तिच्यात एक कॅरम होता आणि त्याचा स्ट्रायकर कुणीतरी पळवलेला होता. गच्चीला कुलूप असायचं.

आमची ओळख वाढली ती खोपटला, एसटी डेपोच्या समोर उभं राहून. माझं माहेर खोपटलाच, चाळीत. कॉलेज सुटलं की चौघी चालत तिथपर्यंत यायचो. एक कल्याणची. तिचे वडील एसटीत होते, म्हणून तिला पास होता आणि ती एसटीनेच जायची. एक बाळकुमची, तिला तिकडची बस पकडायची असायची. चौथीचं घर कॉलेजच्या मागेच होतं, ती फक्त वडापाव खायला आमच्याबरोबर यायची. बसला उशीर व्हायचा. त्या उशिरात जे काही बोलणं झालं ती आमची मैत्री. बस वेळेवर आल्या असत्या तर आज आम्ही एकमेकींना ओळखतही नसतो.

नाटकात आम्ही एकमेकींसाठी रडत होतो.

नाटक लिहिलं त्या चौथीने, वडापाववालीने. तिला मी इथे लेखिका म्हणते, कारण हल्ली ती स्वतःला तेच म्हणते. मुलं परदेशी गेली, नवरा निवृत्त होऊन घरात बसायला लागला, तेव्हा तिने घोडबंदर रोडवरच्या आपल्या टॉवरच्या क्लब हाऊसमध्ये एका शनिवार-रविवारी लेखनाची कार्यशाळा केली. सोमवारी सकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा मेसेज आला, की मी इतकी वर्षं कुणाची तरी मुलगी, बायको, आई होते, आता मी स्वतःला शोधायला निघाले आहे.

कल्याणवालीने तीन बदाम टाकले. बाळकुमवालीने हात जोडले. मी दुकानात होते, गिऱ्हाईक समोर होतं, मी काही टाकलं नाही.

माझं डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला चष्म्याचं दुकान आहे. म्हणजे नवऱ्याचं आहे, पण नंबर मी काढते. त्यामुळे शोधाशोध करणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात. पन्नाशी उलटते, पेपर हात लांब करून धरावा लागतो, पण चाळिशी लावायचं नाव काढलं की चेहरा पडतो. लेखिका त्यातलीच. तिला मी स्वतः नंबर काढून चष्मा करून दिला होता. तो तिच्या पर्समध्ये असतो. पर्समधून त्याला काय दिसतं कोण जाणे.

पुढे एक दिवस तिने जाहीर केलं की नाटक लिहून झालं आहे, विषय आपण चौघी आहोत आणि ते आपणच करायचं आहे. तिच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला, ठाण्याच्या मोठ्या नाट्यगृहात, रविवारी सकाळी. वाचन बाळकुमला ठरलं, कारण तिथे जागा आहे. बाळकुमवालीचं सासरही बाळकुमलाच. त्यांची पूर्वी भातशेती होती आणि घरातली माणसं मिठागरावर कामाला जायची. आता त्या शेतांत टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या मधोमध तिचा बंगला. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मोठा हॉल आहे. घरातल्या हळदी तिथे होतात. स्पीकर कायमचे भिंतीलाच लावलेले आहेत.

आम्ही पोचलो तर तिने कोलंबीचं कालवण आणि भाकऱ्या तयार ठेवल्या होत्या.

लेखिका म्हणाली, "अगं मला नको, मी ग्लूटेन सोडलंय."

"तांदळाची आहे गं."

"हो का? मग दोन दे."

जेवण झाल्यावर तिने नाटक वाचलं. चष्म्याशिवाय वाचत होती, त्यामुळे अधूनमधून थांबायची आणि आम्हाला ते भावनेचे थांबे वाटायचे. थोडक्यात असं, की चार मैत्रिणी हॉस्टेलवर राहतात. एक नायिका, संवेदनशील, दोन वेण्या, ती अर्थात लेखिका. दुसरी बंडखोर, ती पुढे संसार सोडून हिमालयात जाते. हे काम कल्याणवालीचं. खरी कल्याणवाली नवऱ्याच्या ऑफिसच्या सहलीबरोबर महाबळेश्वरला गेली होती आणि घाटात तिला गाडी इतकी लागली की त्यानंतर तिने डोंगराचं नाव काढलेलं नाही. पण हिमालय ऐकून ती खूश झाली. तिसरी मैत्रीण कोरडी, व्यवहारी, ती पहिल्या अंकाच्या शेवटी मरते.

"ही मी का?" मी विचारलं.

"अगं, पण तुझ्या मरणाने आम्ही सगळ्या जाग्या होतो."

"कशाने मरते?"

"ते मी मोघम ठेवलंय."

"मग मी विंगेत बसते. तुम्ही जाग्या झालात की नाही ते तिथून बघते."

तसंही कॉलेजात मी प्रॉम्प्टिंगच करायचे. मला स्टेजवर जायची हौस नव्हती आणि माझं वाचन सरळ होतं. मेलेल्या मैत्रिणीचं काम मग फोटोवर भागवायचं ठरलं. मी माझा फोटो द्यायला नकार दिला. शेवटी लेखिकेच्या कुठल्याशा मावशीचा तरुणपणीचा लावला आणि त्याला हार घातला.

चौथी मैत्रीण म्हणजे खेड्यातून आलेली, भाबडी, सगळ्यांना चहा करून देणारी. हे काम बाळकुमवालीचं. बाळकुम हे खेडं असलंच तर कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावरचं खेडं होतं. पण तिचा एक मोठा सीन होता, गच्चीवरचा, आणि तो लेखिकेने उभं राहून वाचला.

तो सीन कुठून आला ते मला माहीत आहे, कारण खरा प्रसंग घडला तेव्हाही मी हातात वही घेऊन कोपऱ्यात बसलेले होते. सेकंड इयरला आमच्या कॉलेजने एकांकिका बसवायला घेतली होती. ऐतिहासिक. त्यात एका राणीचं काम होतं. ऑडिशनला बाळकुमवाली उभी राहिली. तिचा आवाज असा होता की कॉमन रूमच्या बाहेर शिपाई बोलत होता तो गप्प झाला. तिने म्हणायचं वाक्य होतं, "घोडा तयार ठेवा." ती म्हणाली, "घोरा तयार ठेवा."

बाळकुमच्या जुन्या घरांत घोड्याला घोराच म्हणतात आणि गाडीला गारी. घोडबंदर रोडला तिच्या सासूबाई आजही घोरबंदर म्हणतात. त्यांची माणसं त्या रस्त्याने चालत मिठागरावर जायची तेव्हाही तो घोरबंदरच होता. पण कॉमन रूममध्ये हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने हसली ती आजची लेखिका. मग पुढे कितीतरी दिवस बाळकुमवाली दारातून आत आली की कुणीतरी म्हणायचं, आला घोरा. राणीचं काम लेखिकेला मिळालं. बाळकुमवालीला दासीचं दिलं, ताट घेऊन येणारी, एकही वाक्य नसलेली. तिने ते केलं. आणि त्यानंतर ती आमच्यासमोर इतकं स्वच्छ, छापील मराठी बोलायला लागली की तिच्या तोंडून घरची बोली मी पुन्हा कधी ऐकली नाही. सासूबाईंशी सुद्धा ती आमच्यादेखत छापीलच बोलायची. त्या बिचाऱ्या गोंधळून तिच्याकडे बघायच्या.

नाटकात मात्र कुणीच हसत नव्हतं. नाटकात ती चांदण्यात एकटी बसून रडत असते, नायिका तिच्याजवळ येते, तिला वाक्य म्हणायला सांगते. ती "घोरा" म्हणते. नायिका म्हणते, "घोरा नाही गं, घोडा. जीभ वर लाव." ती पुन्हा चुकते. नायिका म्हणते, "तुला जमेल. तुझ्यात ती आहे, जी तुला अजून भेटलेली नाही." मग तिला घोडा जमतो, बासरी वाजते, मिठी. म्हणजे जी हसली होती ती आता शिकवायला बसली होती, आणि तेही चांदण्यात.

वाचन संपलं. कल्याणवालीने डोळे पुसले. मी बाळकुमवालीकडे पाहिलं. तिने ताटं उचलायला घेतली होती.

"तुला आठवतंय ना सगळं?" लेखिकेने तिला विचारलं.

"आठवतंय की," ती म्हणाली.

तालमी सुरू झाल्या आणि एक अडचण आली जी लिहिताना लेखिकेच्या लक्षात आली नव्हती. बाळकुमवालीला घोरा म्हणता येईना. इतकी वर्षं आमच्यात घोडा म्हणायची सवय. गच्चीवर बसली की तोंडातून आपोआप "घोडा तयार ठेवा" यायचं.

"घोडा नाही गं, घोरा," लेखिका म्हणायची.

"हो. घोडा... थांब. घोरा."

"जरा गावरान म्हण ना. तू असं न्यूज रीडरसारखं काय म्हणतेस?"

"घोरा तयार ठेवा."

"बघ, जमतंय. नॅचरली येऊ दे."

हे मी हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होते. तरुणपणी हसून जिचा एक शब्द काढून घेतला, तिला आता तोच शब्द तालीम देऊन परत शिकवला जात होता, तोही चूक म्हणून. लेखिकेला यात काही विचित्र वाटत नव्हतं. तिला कशातच काही विचित्र वाटत नाही. स्वतःला शोधणाऱ्या माणसांना समोरचा दिसत नाही, हा माझा दुकानातला नव्हे, मैत्रीतला अनुभव आहे.

बाळकुमवाली हळूहळू घोरा म्हणायला लागली. लेखिका त्यावर टाळ्या वाजवायची, आणि कल्याणवाली रील काढायची.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात लेखिकेला प्रेक्षागृह रिकामं राहण्याची भीती वाटायला लागली. ती बाळकुमवालीला म्हणाली, "तुमच्याकडची लोकं येतील ना गं? तुमच्यात एक हळद असली तरी मैदान भरतं." बाळकुमवालीने घरी सांगितलं. दीर, जावा, नणंदा, भाचे, शेजारपाजारचे सगळे निघाले. सासूबाई म्हणाल्या, मीही येते, सून नाटकात आहे तर. त्यांनी आयुष्यात नाट्यगृह पाहिलेलं नव्हतं. त्यांना नीट ऐकू यावं आणि दिसायलाही बरं पडावं म्हणून पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं.

हे ऐकलं आणि मी लेखिकेला बाजूला घेतलं.

"तो गच्चीचा सीन काढ."

"का?"

"तिची सासू समोर बसणार आहे. घरचे सगळे बसणार आहेत. त्यांच्यात मोठी माणसं सगळी घोरा म्हणतात."

"तेच तर. त्यांना रिलेट होईल."

"तू त्यांना तोंडावर सांगणार की तुमची जीभ चुकते."

"मी चूक कुठे म्हणतेय? मी तिचा प्रवास दाखवतेय."

"कुठून कुठे? बाळकुम ते घोडबंदर?"

"तुला नाटक कळत नाही," ती म्हणाली. "तो सीन नाटकाचा आत्मा आहे. आणि तिची काही हरकत आहे का? तिला विचार."

मी विचारलं. बाळकुमवाली अंगणात कुंड्यांना पाणी घालत होती.

"तू नाही का म्हणत नाहीस?"

"नाही म्हटलं की सीन जाईल," ती म्हणाली. "सीन गेला की माझं राहिलं काय? तीन वेळा चहा घेऊन यायचं. परत दासीच झाले की गं. मला एकदा तिथे उभं राहायचंय. माझ्याकडे लाईट हवा, आणि तोंडात वाक्य हवं. एवढंच हवंय."

"मग घोरा म्हणायला लागेल."

"म्हणतेच आहे ना."

"सासूबाईंसमोर?"

तिने पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला. "तिथेच तर अडलंय," ती म्हणाली. "ती घरात दिवसभर जे बोलते ते मी तिच्यासमोर चुकीचं म्हणून बोलून दाखवायचं. आणि लोक हसणार. हसतात गं. तालमीत तुझी ती कल्याणवाली सुद्धा हसते."

"मग काय करणार?"

"बघू."

मी खोदून विचारलं नाही. तिचं तिने ठरवायचं होतं.

रविवारी सकाळी नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये लेखिका दोन वेण्या घालून बसली होती. वेण्या खोट्या होत्या आणि त्यांचा रंग तिच्या केसांपेक्षा जास्त काळा होता. मी तिला चष्म्याची आठवण केली.

"विशीतली मुलगी चष्मा लावते का?"

"लावते. आपल्या वर्गात निम्म्या मुलींना होता."

"माझ्या भूमिकेला नाही."

"वाक्य विसरलीस तर विंगेतला माझा चेहरा तुला दिसणार नाही."

"मी लिहिलंय ते मी विसरेन का?"

तिसरी घंटा झाली. मी विंगेत स्टुलावर संहिता मांडीवर घेऊन बसले, छोटी बॅटरी लावली. पडदा उघडल्यावर फटीतून पुढच्या रांगा दिसत होत्या. बाळकुमची सगळी मंडळी नटूनथटून आली होती, आणि अगदी मधोमध सासूबाई, नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, देवळात बसावं तशा. महिला मंडळ त्यांच्या मागे बसलं होतं आणि मागे का बसावं लागलं याबद्दल कुजबुजत होतं.

पहिला अंक मी सांगत नाही. मी त्यात मेले. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, बाकी विशेष काही झालं नाही. कल्याणवालीने मध्यंतरात विचारलं, "तुझं मरण पोचलं का गं?" मी म्हटलं, "मला तरी पोचलं."

दुसऱ्या अंकात गच्ची आली. निळा लाईट. बाळकुमवाली पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली. तिच्यावर एकटीवर प्रकाश. नायिका बाजूने आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "म्हण ना ते वाक्य. माझ्यासाठी म्हण."

बाळकुमवालीने समोर पाहिलं. समोर म्हणजे सासूबाईंकडे. तिथून त्या हातभर अंतरावर वाटत असणार, पहिली रांग स्टेजला अगदी चिकटून आहे. मी संहितेवरून बोट उचललं. मला वाटलं ती आता उठून आत येईल, किंवा तालमीसारखं घोरा म्हणून मोकळी होईल.

ती ट्रंकेवरून उभी राहिली. संहितेत उभं राहणं नव्हतं.

"घोडा तयार ठेवा," ती म्हणाली.

तोच आवाज. कॉमन रूमच्या बाहेरचा शिपाई ज्याने गप्प झाला होता तो. कुणीतरी खरोखर घोडा आणायला उठेल असं ते वाक्य होतं.

आता पुढचं वाक्य नायिकेचं होतं आणि नायिकेकडे ते नव्हतं. तिने जन्मात एकच उत्तर पाठ केलं होतं, चुकीच्या शब्दावरचं. बरोबर शब्दावर काय म्हणायचं ते तिने लिहिलंच नव्हतं. मग ती चाचपडत विंगेच्या दिशेने सरकली आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडे, बघायला लागली.

प्रॉम्प्टरचं काम पानावर जे आहे ते देणं. मी दिलं. "घोरा नाही गं, घोडा."

तिने ऐकू आलं नाही अशी मान हलवली. मी पुन्हा दिलं, जरा मोठ्याने.

मला पान उलटून पुढचं काहीतरी देता आलं असतं. मी पान उलटलं नाही.

लेखिका वळली, बाळकुमवालीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "घोरा नाही गं, घोडा."

मग तिसऱ्या रांगेतून एका पुरुषाचा समजावणीचा आवाज आला, "बरोबर बोलली गो ती, बाय."

हशा सुरू झाला. आधी पुढच्या रांगांत, मग महिला मंडळात. लेखिका घाबरली आणि घाबरलेलं माणूस पाठांतराला चिकटून राहतं. "जीभ वर लाव," ती म्हणाली.

"लावली," बाळकुमवाली म्हणाली. "अजून किती वर लावू?"

पुढची दोन-चार मिनिटं नाटक पुढे सरकलंच नाही. लोक हसत होते, थांबत होते, पुन्हा हसत होते. बाळकुमवाली हसली नाही. ती राणीसारखी उभी होती, आणि हशा ओसरेपर्यंत थांबली. ते थांबणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नायिकेच्या कपाळावरचा घाम वेणीच्या रंगात मिसळून कानामागून ओघळत होता.

"तुला जमेल," नायिकेने पुढचं वाक्य काढलं.

"मला जमतंय गं. तुझं काय अडलंय?"

म्युझिकवाल्याला "तुला जमेल" वर बासरी लावायची सूचना होती. त्याने लावली. बासरी लागली म्हणजे मिठी मारणं भाग होतं. त्यांनी मिठी मारली. टाळ्या पडल्या, तशा त्या सकाळी आधी पडल्या नव्हत्या आणि नंतर हिमालयालाही पडल्या नाहीत.

पडदा पडल्यावर लेखिका मेकअप रूममध्ये आली ती वेण्या उपटतच. "तू मुद्दाम केलंस," ती बाळकुमवालीला म्हणाली. मग मला म्हणाली, "आणि तू पण."

"मी पानावरचं दिलं," मी म्हटलं. "पान तुझं आहे."

"माझ्या नाटकाची वाट लावली तुम्ही. तीन महिने मी..."

तेवढ्यात दार वाजलं आणि अध्यक्ष म्हणून बोलावलेले गृहस्थ आत आले. ठाण्यात कुठल्याही सांस्कृतिक कार्यक्रमाला शाल घ्यायला जे उभे असतात त्यांपैकी एक. ते म्हणाले, की त्यांनी अशा विषयावरची बरीच नाटकं पाहिली, पण गच्चीवरचा प्रसंग वेगळाच होता. शिकवणारीलाच ऐकू येत नाही, ही कल्पना फार सूक्ष्म आहे. ही तुमची का?

लेखिकेने वेणी टेबलावर ठेवली. तिचा चेहरा बदलताना मी समोरून पाहिला. दुकानात मी भिंगं बदलते तेव्हा माणसाचा चेहरा असाच बदलतो, पण त्याला एवढा कमी वेळ लागत नाही.

"हो," ती म्हणाली. "मला सुरुवातीपासून तेच म्हणायचं होतं."

"संहितेत तसंच आहे?"

"संहिता रंगमंचावर पूर्ण होते ना," ती म्हणाली. हे वाक्य दुपारच्या आत आमच्या ग्रुपवर आणि तिच्या फेसबुकवर आलं, शाल घेतलेल्या फोटोसकट. कल्याणवालीने बदाम टाकले.

गृहस्थ गेल्यावर ती बाळकुमवालीकडे वळली आणि तिचे हात धरले. याच बाईवर ती मघाशी ओरडली होती. "अगं, मंडळाला अजून एक प्रयोग हवाय. कल्याणला. तो सीन आपण असाच ठेवू. तू घोडाच म्हण, आणि ते जिभेचं पण. अगदी आज म्हटलंस तसं."

बाळकुमवाली कानातले काढत होती. तिने ते डबीत ठेवले, डबी पर्समध्ये टाकली.

"मना नय जमाचा," ती म्हणाली.

लेखिकेला वाटलं ती गंमत करते आहे. ती हसली. मी हसले नाही. कॉमन रूमनंतर आमच्यासमोर तिने घरच्या बोलीत काढलेलं ते पहिलं वाक्य होतं आणि ते तिने अगदी सहज काढलं, घरात कुणाला सांगावं तसं.

"म्हणजे काय? वेळ नाही का?"

"म्हणजे नाही," मी म्हटलं. "मराठीच आहे."

आम्ही बाहेर आलो. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बाळकुमची मंडळी गोळा झाली होती, भाचे सासूबाईंना धरून उभे होते. सासूबाईंच्या चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती. बाळकुमवाली थबकली. एवढा वेळ ती स्टेजवर घाबरली नव्हती, ती इथे घाबरली. लेखिका आणि कल्याणवाली तिच्या मागे उभ्या होत्या, हातात फुलं घेऊन.

"काय झाला, आये?" तिने वाकून विचारलं. "आवरला नय का?"

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मेकअपसकट.

"तू ब्येस बोललीस," त्या म्हणाल्या. "पन येवरा घोरा घोरा केला, घोरा तं आलाच नय."

"घोरा परवरला नय, आये."

"मग सांगला कनाला?"

भाचे हसायला लागले. बाळकुमवाली पण हसली, तोंडावर हात न ठेवता. लेखिकेने माझ्या दंडाला धरून विचारलं, "काय म्हणाल्या त्या? आवडलं ना त्यांना?"

"घोडा आलाच नाही, मग सांगितला कशाला, म्हणतायत."

"ते सिम्बॉलिक आहे, त्यांना सांग ना."

"तूच सांग," मी म्हटलं.

रस्त्याच्या पलीकडे बाळकुमवालीचा दीर गाडी वळवून आणत होता, हॉर्न देत. बाळकुमवालीने सासूबाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांना पायरी उतरवायला लागली.

"चला, गारी आली," ती म्हणाली, मागे वळून, आम्हालाही.